संगणकीय साठवणीची मापे आणि त्यांचे रूपांतर

नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या नारायण पेठेचा छापील कागदाशी संबंध फार जुना आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांकडून लोकमान्य टिळकांनी घेतलेला गायकवाडवाडा, म्हणजेच आजचा केसरीवाडा, याच पेठेत आहे. ४ जानेवारी १८८१ रोजी साप्ताहिक म्हणून सुरू झालेल्या ‘केसरी’चे नाव त्या वास्तूशी कायमचे जोडले गेले आहे. मुद्रक, प्रकाशक आणि पुस्तकविक्रेते यांचीही या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. परंतु ही पेठ मुठा नदीच्या काठी वसलेली आहे, ही गोष्टही विसरता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांध त्या लोंढ्याने खचला आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवशी माणसांच्या संसाराबरोबरच वह्या, दप्तरे, पुस्तके आणि दस्तऐवजही पाण्यात गेले. ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, तो कायमचा नाहीसा झाला.

आज जुना कागद स्कॅनरखाली ठेवून त्याची प्रतिमा संगणकात साठविता येते आणि तिच्या हव्या तितक्या प्रती निरनिराळ्या गावी ठेवता येतात. ग्रामपंचायतींच्या नोंदवह्या, शाळांची दाखलपत्रके, भूमिअभिलेख, ग्रंथालयांतील नियतकालिके, या सर्वांसाठी अशी कामे निघत असतात. या कामांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो व त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते. तो प्रश्न म्हणजे, एवढे कागद साठविण्यास जागा किती लागेल? अंदाज चुकला की अर्धे काम झाल्यावर हार्ड डिस्क भरते, नवी खरेदी करावी लागते आणि मग लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो. याउलट, ‘५०० गिगाबाइट’ असे छापलेली हार्ड डिस्क जोडल्यावर संगणक ‘४६५’ दाखवितो, तेव्हा पुरवठादाराने फसविले असा समज होऊन देयक अडकून पडते. दोन्ही प्रसंगी दोष मापांच्या अपुऱ्या ओळखीचा असतो.

बिट व बाइट

संगणकातील सर्वांत लहान माप म्हणजे बिट. दिवा लागलेला किंवा विझलेला, होय किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढीच माहिती एका बिटात मावते. हा शब्द १९४८ साली क्लॉड शॅनन यांच्या निबंधातून शास्त्रजगतात रूढ झाला. त्याचे श्रेय त्यांनी जॉन ट्यूकी यांना दिले होते. आठ बिट एकत्र आले म्हणजे एक बाइट होतो. एका बाइटात शून्य व एक यांच्या २५६ निरनिराळ्या मांडण्या शक्य असतात. रोमन लिपीतील अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांसाठी इतक्या मांडण्या पुरून उरतात; म्हणून रोमन अक्षरामागे एक बाइट असा हिशेब पडला.

आपल्या देवनागरीचे काय? पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणकीय वापराचे काम पुढे नेले, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण केली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एकच बाइट लागे. पुढे जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणारी युनिकोड प्रणाली आली. तिच्या आज सर्वाधिक रूढ असलेल्या ‘यूटीएफ-८’ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. येथे ‘चिन्ह’ म्हणजे केवळ अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे होत. ‘नारायण पेठ’ हे नाव पाहा. ‘नारायण’मध्ये न, काना, र, काना, य, ण अशी सहा चिन्हे आहेत व ‘पेठ’मध्ये प, मात्रा, ठ अशी तीन. नऊ चिन्हांचे २७ बाइट आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक, असे एकूण २८ बाइट झाले. हेच नाव इस्कीत १० बाइटांत बसे. रोमन लिपीत लिहिल्यास १२ बाइट पुरतात. ‘क्ष’सारख्या जोडाक्षरात तीन चिन्हे असल्याने त्याचे नऊ बाइट होतात. शिक्षकांनी वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या गावाच्या नावाचे बाइट मोजावयास सांगावे. दहा मिनिटांत विषय समजतो.

या हिशेबाचा पैशाशीही संबंध येतो. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशास १,१२० बिटांची मर्यादा असते. रोमन अक्षर तेथे सात बिटांत बसविले जात असल्याने १६० अक्षरांचा संदेश जातो. मराठी चिन्हास तेथे १६ बिट लागतात. म्हणून एका संदेशात ७० चिन्हेच मावतात. शेतकऱ्यांना किंवा पालकांना मराठीत सूचना पाठविणाऱ्या कार्यालयाने मसुदा करतानाच हे ध्यानात घ्यावे. मजकूर एका संदेशात मावला नाही की तो दोन किंवा तीन संदेशांत विभागला जातो आणि आकारणी त्यानुसार होते. याचा अर्थ मराठी सोडून रोमन लिपीत लिहावे असा मुळीच नाही. मसुदा आटोपशीर करावा, इतकाच आहे.

हजार की एक हजार चोवीस?

बाइटाच्या पुढची मापे आपल्या परिचयाच्या उपसर्गांनी होतात. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी. अंदाजपत्रकातील लाख कोटींचे आकडे वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना टेराबाइटाची धास्ती वाटण्याचे कारण नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. संगणकाची अंतर्गत स्मृती दुपटीदुपटीने वाढते. स्मृतीतील प्रत्येक घराला क्रमांक असतो व तो तारांवरील शून्य व एक यांनी दर्शविला जातो. एक तार वाढली की घरांची संख्या दुप्पट होते. दहा तारांनी १,०२४ घरे दर्शविता येतात. हा आकडा हजाराच्या इतका जवळ आहे की संगणकक्षेत्रातील लोकांनी त्यालाच ‘किलो’ म्हणण्यास प्रारंभ केला. मग १,०२४ किलोंचा मेगा झाला, १,०२४ मेगांचा गिगा झाला. हार्ड डिस्क बनविणाऱ्यांना मात्र दुपटीचे असे बंधन नव्हते. त्यांनी हजार-हजारांचा दशमान हिशेबच ठेवला. अशा रीतीने एकाच नावाची दोन मापे प्रचारात आली.

मराठी माणसाला या गोष्टीचे नवल वाटू नये. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, हे कोष्टक आपल्या आजोबांच्या तोंडी होते. तेही दुपटीचेच आहे. एका पायलीत सोळा चिपटी. जुन्या रुपयाचे आणे सोळा व पैसे चौसष्ट. तोही दुपटीचाच हिशेब होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ नवे पैसे बरोबर बसत. पण एका आण्याचे सव्वासहा होत असल्याने ६ धरले जात आणि तीन आण्यांचे १९. काही काळ दोन्ही नाणी बाजारात एकत्र फिरली. त्या वेळी नाण्याला ‘नवा’ हे विशेषण मुद्दाम जोडलेले होते. ते १९६४ साली, म्हणजे जुने पैसे व्यवहारातून गेल्यावर, काढण्यात आले. संगणकाच्या मापांत असे विशेषण प्रारंभी कोणी जोडले नाही. आजचा गोंधळ त्यातून निर्माण झाला.

विशेषणाची ही उणीव १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने भरून काढली. १,०२४च्या पटींसाठी किबि, मेबि, गिबि, टेबि असे नवे उपसर्ग त्याने ठरवून दिले. यानुसार किलोबाइट म्हणजे १,००० बाइट आणि किबिबाइट म्हणजे १,०२४ बाइट. नियम स्वच्छ आहे. परंतु लोकव्यवहारात तो अद्याप पुरता रुळलेला नाही. अनेक कार्यालयांत वापरली जाणारी विंडोज प्रणाली मोजते गिबिबाइटमध्ये आणि लिहिते गिगाबाइट. ॲपल कंपनीच्या संगणकांनी २००९ पासून दशमान हिशेब स्वीकारला. त्यामुळे एकच हार्ड डिस्क दोन टेबलांवर दोन आकडे दाखविते.

जसजसे मोठ्या मापाकडे जावे, तसतशी ही तफावत वाढत जाते. किलोच्या पातळीवर ती २.४ टक्के आहे, म्हणजे नगण्य. मेगाच्या पातळीवर १०,००,००० विरुद्ध १०,४८,५७६, म्हणजे जवळजवळ ४.९ टक्के. गिगाच्या पातळीवर १,००,००,००,००० विरुद्ध १,०७,३७,४१,८२४, म्हणजे सुमारे ७.४ टक्के. टेराच्या पातळीवर तर ती जवळजवळ १० टक्क्यांवर जाते. जुन्या काळी किलोबाइटांत काम चालत होते, तोवर या भेदाकडे दुर्लक्ष करणे चालून गेले. आज चालणार नाही.

नामकरणातील अव्यवस्थेचा एक मासला सांगण्यासारखा आहे. एके काळी घरोघरी असलेल्या फ्लॉपीवर ‘१.४४ मेगाबाइट’ असे छापलेले असे. तिची खरी क्षमता १४,७४,५६० बाइट होती. हा आकडा दहा लाखांनी भागला तर १.४७ येतो, १०,४८,५७६ने भागला तर १.४१ येतो. १.४४ कोठून आले? १,४४० ला १,०२४ने गुणून बाइट काढले आणि मेगा करताना मात्र हजाराने भागले! तसेच ७०० मेगाबाइटची सीडी दुपटीच्या हिशेबाने आहे, तर ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी दशमान हिशेबाने.

रूपांतराची रीत

रूपांतर करताना एका मोठ्या मापावरून दुसऱ्या मोठ्या मापावर उडी मारू नये. दिलेला आकडा आधी बाइटपर्यंत खाली आणावा. नंतर हव्या त्या मापाने वर चढावे. ५०० गिगाबाइट म्हणजे ५००,००,००,००,००० बाइट, म्हणजेच पाचशे अब्ज. त्यास १,०७,३७,४१,८२४ने भागल्यास ४६५.६६ गिबिबाइट येतात. संगणक दाखवितो तो ४६५ हाच. एकही बाइट कमी नाही. फक्त मोजण्याचे माप मोठे आहे. हीच गोष्ट १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कची. ती ९३१ दाखविते. रोजच्या कामासाठी दशमान गिगाला ०.९३१३ने आणि टेराला ०.९०९५ने गुणले तरी चालते.

आता पेठेतील कागदाकडे वळू. एक काल्पनिक साप्ताहिक घ्या. आठ पानांचा अंक, वर्षाला ५२ अंक, चाळीस वर्षांचे खंड. एकूण १६,६४० पाने झाली. पान १५ इंच रुंद व २० इंच उंच आहे आणि ते दर इंचास ३०० ठिपके या दराने स्कॅन करावयाचे आहे. रुंदीत ४,५०० ठिपके, उंचीत ६,०००. गुणाकार २ कोटी ७० लाख ठिपके. करड्या छटांच्या प्रतिमेत ठिपक्यास एक बाइट लागतो, म्हणून पान २७ मेगाबाइटचे झाले. सर्व पानांना २७ × १६,६४० = ४,४९,२८० मेगाबाइट, म्हणजे ४४९.२८ गिगाबाइट लागतील. निव्वळ काळे-पांढरे चित्र चालणार असेल तर ठिपक्यास एकच बिट पुरतो. आठाने भागून ५६.१६ गिगाबाइट. रंगीत चित्र हवे असेल तर ठिपक्यास तीन बाइट, १,३४७.८४ गिगाबाइट. म्हणजे छटांची निवड हा गणिताइतकाच खर्चाचाही निर्णय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते पिवळ्या पडलेल्या जुन्या कागदासाठी काळे-पांढरे चित्र घेणे ही काटकसर महागात पडते. पुसट झालेली शाई व कागदाचा डाग यांतील फरक त्यात उरत नाही.

करड्या पानांचाच हिशेब एखाद्या कारकुनाने संगणकाच्या पडद्यावरून केला तर काय होईल पाहा. पडद्यावर पानाचा आकार २५.७५ दिसेल, कारण तो मेबिबाइटमध्ये आहे. त्यास १६,६४० ने गुणून व सवयीने हजाराने भागून तो सुमारे ४२८ लिहील. हा आकडा ना ४४९.२८ गिगाबाइट आहे, ना त्याचे समतुल्य ४१८.४२ गिबिबाइट. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर आणि उत्तर कोणत्याच मापात बरोबर नाही.

रंगीत प्रतींच्या बाबतीत ही चूक अधिक बोचते. रंगीत पान ८१ मेगाबाइटचे आहे. १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशी १२,३४५ पाने बसतात. तोच टेराबाइट १,०२४च्या हिशेबाचा आहे असे समजून अंदाज केला, तर १३,५७४ पाने बसतील असे वाटते. फरक १,२२९ पानांचा, म्हणजे आपल्या साप्ताहिकाच्या जवळजवळ तीन वर्षांच्या अंकांचा आहे. कंत्राटदाराने काम बंद केल्यावर आणि स्कॅनर परत गेल्यावर ही तीन वर्षे बाहेर राहिल्याचे लक्षात येणे, हा प्रसंग कोणत्याही ग्रंथपालावर येऊ नये.

म्हणून निविदेत केवळ ‘टेराबाइट’ न लिहिता ‘किमान १०,००,००,००,००,००० बाइट’ असा आकडा किंवा ‘१ टेराबाइट म्हणजे १,००० गिगाबाइट’ असा खुलासा असावा. प्रतिमा संक्षेपित करून साठविल्यास जागा पुष्कळ वाचते. पण मूळ प्रत तपशील न गमावणाऱ्या पद्धतीने ठेवावी आणि वाचकांना देण्याची प्रत लहान करावी. आणखी एक बारकावा असा की, बहुतेक हार्ड डिस्कवर जागा ४,०९६ बाइटांच्या खणांत वाटलेली असते. ७०० बाइटांचा दाखलाही पूर्ण खण अडवितो. हजारो लहान दाखले असलेल्या कार्यालयाने हा फरक विचारात घ्यावा. वृत्तपत्राच्या पानांना तो जाणवत नाही.

दुसरी प्रत पोहोचविण्याचा काळ

एकाच इमारतीतील दोन प्रती पुरात एकदमच जातात. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असली पाहिजे. ती तारेने पाठवावयाची तर येथे बिट व बाइट यांचा घोटाळा होतो, कारण साठवण बाइटांत आणि वेग बिटांत सांगण्याची रूढी आहे. इंग्रजी संक्षेपात ‘बी’ हे अक्षर लहान वळणाचे असेल तर बिट आणि मोठ्या वळणाचे असेल तर बाइट समजावे. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत १०० मेगाबिटांची जोडणी नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. हे सेकंदाला १०० मेगाबिट होत. बाइटांत साडेबाराच मेगाबाइट. आपल्या करड्या प्रतींचे ४४९.२८ गिगाबाइट या वेगाने पाठविण्यास ३५,९४२ सेकंद, म्हणजे जवळजवळ दहा तास लागतील. मेगाबिटला मेगाबाइट समजणारा माणूस सव्वा तासात काम उरकेल असे सांगून बसेल. शिवाय दहा तास हे पूर्ण वेग अखंड मिळाला तरचे. तीच हार्ड डिस्क एस. टी. ने पुण्याहून साताऱ्यास पाठविली तर तीन-साडेतीन तासांत पोहोचते, ही गोष्ट तंत्रज्ञांनाही कबूल करावी लागते.

प्रतिमेऐवजी मजकूरच टंकलिखित करून ठेवला तर? मोठ्या पानावर तीस हजार चिन्हे धरली तर युनिकोडमध्ये ९०,००० बाइट, म्हणजे ९० किलोबाइट होतात. करड्या प्रतिमेच्या तो तीनशेवा भाग आहे. चाळीस वर्षांचे सर्व खंड दीड गिगाबाइटांत बसतील, खिशातल्या छोट्याशा पेन ड्राइव्हवर जागा उरेल आणि हवा तो शब्द क्षणात शोधता येईल. परंतु जुन्या खिळ्यांची अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या यंत्राचे काम माणसाला मुद्रितशोधनाने तपासावे लागते, आणि जाहिरातींची चित्रे, स्तंभांची मांडणी, समासात कोणी शाईने केलेली खूण, यांतले काहीच या दीड गिगाबाइटांत येत नाही. ज्या संस्थांना शक्य आहे त्या प्रतिमा व मजकूर दोन्ही ठेवतात. साठवणीच्या हिशेबात मजकुराने पडणारी भर अवघी ०.३ टक्के असते.